नवीन एसएसडी बसवली आणि नेटवर्क गेलं: लिनक्समध्ये इंटरफेसची नावं का सरकतात

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. मशीन बंद केलं, आत काहीतरी नवीन बसवलं: दुसरी एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, कधी नुसतं वायफायचं कार्ड. चालू केलं तर मशीन व्यवस्थित उठतं, पण नेटवर्क नाही. पोर्टचे दिवे लुकलुकतायत. केबल बदलून झाली, स्विचवरचं भोक बदलून झालं, फरक शून्य. आणि बसवलेल्या वस्तूचा नेटवर्कशी काडीचाही संबंध नाही. वैतागून ती काढली की सगळं पुन्हा सुरळीत. मग साहजिकच निष्कर्ष निघतो की या बोर्डाला ही एसएसडी चालत नाही, आणि ती बिचारी दुकानात परत जाते.

एसएसडीचा दोष नसतो. तुमच्या नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं, एवढंच.

मला हे तिसऱ्यांदा भेटलं ते तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शीतगृहात. तिथे डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) चालणारा एक साधा जोडणी केलेला पीसी आहे. त्याला दोन पोर्ट. कार्डावरच्या इंटेलच्या पोर्टात इंटरनेटची केबल, बोर्डावरच्या रिअलटेकच्या पोर्टात आतलं नेटवर्क: कॅमेरे, खोल्यांचं तापमान नोंदवणारी यंत्रं, हिशेबाचे दोन संगणक. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मावेना म्हणून मालकांच्या मुलाने दुसरी एसएसडी बसवली. स्क्रू नीट, सगळं नीट. अर्ध्या तासाने फोन, "दादा, नेट गेलंय. आणि नुसतं नेट नाही, कॅमेरेपण दिसंनात."

हे दुसरं वाक्य महत्त्वाचं होतं. नुसतं इंटरनेट गेलं असतं तर मी केबलवाल्याला फोन करायला सांगितलं असतं. आतलं आणि बाहेरचं एकाच वेळी गेलं, म्हणजे गडबड मशीनमध्येच.

एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) अर्थातच बंद, त्यामुळे मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड लावायला सांगितलं आणि व्हिडिओ कॉलवर पडदा बघत बसलो. (पुढच्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या.) पहिली आज्ञा 'आयपी लिंक'. सेटिंगच्या फाइलमध्ये नावं होती ईएनपी२एस० आणि ईएनपी३एस०. पडद्यावर होती ईएनपी३एस० आणि ईएनपी४एस०. दोन्ही कार्डं जिवंत, दोन्हींची नावं एकेक घर पुढे सरकलेली.

इथेच बारकाईने बघा, कारण खरा धोका इथे आहे. ईएनपी२एस० हे नाव नाहीसं झालं, ते एक वेळ परवडलं. "असं यंत्रच सापडत नाही" अशी तक्रार बूट होताना दिसते. पण ईएनपी३एस० हे नाव अजून आहे, फक्त ते आता दुसऱ्या कार्डाला मिळालंय. पूर्वी ते आतल्या नेटवर्कचं होतं, आता इंटरनेटच्या केबलचं आहे. मशीनने इमानेइतबारे त्या नावाला आतला आयपी पत्ता दिला, त्यावर डीएचसीपी सर्व्हर (इतर यंत्रांना पत्ते वाटणारा) सुरू केला आणि फायरवॉलने 'ईएनपी३एस० म्हणजे घरचा माणूस' म्हणून त्याला मोकळीक दिली. म्हणजे बाहेरची केबल विश्वासाची आणि आतली बेवारस. पुढे इंटरनेट कंपनीचा स्वतःचा राउटर होता म्हणून निभावलं. राउटरशिवाय थेट कंपनीच्या जाळ्याला जोडलेलं असतं तर या मशीनवरच्या फाइली त्या जाळ्यावरच्या परक्या मशीनांना उघड्या पडल्या असत्या आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

म्हणून ज्या मशीनला एकापेक्षा जास्त पोर्ट आहेत, तिथे आधी केबल काढायला सांगा, मग तपास करा.

आता हे का होतं? लिनक्सच्या कर्नलला (म्हणजे त्याच्या गाभ्याला) नावाशी फारसं देणंघेणं नसतं. तो आतून प्रत्येक इंटरफेसला (म्हणजे नेटवर्कच्या पोर्टाला) एक क्रमांक देतो आणि त्यावरच काम चालवतो. नाव ही वरून लावलेली पाटी. ती पाटी पूर्वी एथ०, एथ१ अशी असायची आणि ज्या कार्डाचा ड्रायव्हर आधी जागा झाला त्याला आधीचा आकडा. एकच कार्ड असेल तर प्रश्न नाही. दोन असली आणि ड्रायव्हर समांतर जागे व्हायला लागले की कुठल्या बूटला कोण पहिला येईल याचा भरवसा नाही. त्यावर आधी उपाय निघाला तो यूडेव्हच्या (यंत्रं ओळखून त्यांना नाव देणारी सेवा) एका फाइलचा, ७०-पर्सिस्टंट-नेट. कार्ड पहिल्यांदा दिसलं की त्याचा मॅक पत्ता (कार्डाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) आणि नाव त्यात लिहून ठेवायचं. त्याची वेगळीच गंमत होती. कार्ड जळलं म्हणून नवीन घातलं की नवीन कार्ड एथ१ व्हायचं, कारण एथ० ही जागा मेलेल्या कार्डाच्या नावावर राखीव! व्हर्च्युअल मशीनची प्रत काढली तरी तेच. ज्यांनी त्या काळात सर्व्हर सांभाळलेत त्यांना ती फाइल पुसून मशीन पुन्हा सुरू करण्याचा मंत्र अजून पाठ असेल.

२०११ साली फेडोरा १५ मध्ये डेलने पुढे आणलेली बायोसडेव्हनेम ही पद्धत आली आणि जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (मशीन सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) १९७व्या आवृत्तीत आजची पद्धत. डेबियनने ती नव्या इन्स्टॉलेशनसाठी २०१७ मध्ये ९व्या आवृत्तीपासून धरली. या पद्धतीला 'प्रेडिक्टेबल' नावं म्हणतात, आणि सगळा गोंधळ या शब्दामुळे होतो. लोकांना वाटतं की नाव कधीच बदलणार नाही. प्रत्यक्षात एवढीच हमी आहे की कार्ड बोर्डावर त्याच पत्त्यावर असेल तर नाव तेच निघेल. पत्ताच बदलला तर?

नावाची फोड करून बघा. ईएन म्हणजे इथरनेट (वायफायला डब्ल्यूएल, मोबाइल मोडेमला डब्ल्यूडब्ल्यू). पुढचा पी३ म्हणजे पीसीआय बस (कार्डं बोर्डाला जोडणारा मार्ग) क्रमांक ३, एस० म्हणजे त्या बसवरची जागा शून्य. एकाच कार्डावर अनेक पोर्ट असतील तर शेवटी एफ०, एफ१ लागतं. बोर्डाच्या फर्मवेअरने (बोर्डातच भरलेल्या प्रोग्रॅमने) 'हे माझं स्वतःचं पहिलं पोर्ट' असं सांगितलं तर बस क्रमांकाऐवजी ईएनओ१ असं नाव मिळतं, स्लॉटचा क्रमांक सांगितला तर ईएनएस१. ही दोन नावं जास्त टिकाऊ. पण स्वस्तातल्या बोर्डांची फर्मवेअर असलं काही सांगायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून बोर्डावरचं रिअलटेकसुद्धा ईएनपी३एस० होऊन बसतं.

आणि हे बस क्रमांक बोर्डावर कोरलेले नसतात. मशीन सुरू होताना ते दर वेळी मोजले जातात. पहिल्या पुलामागे (एका बसवरून दुसरीकडे नेणाऱ्या जोडणीमागे) काय आहे, त्याला १. दुसऱ्यामागे काय आहे, त्याला २. बऱ्याच बोर्डांवर रिकाम्या स्लॉटचा पूल फर्मवेअर लपवूनच ठेवते. त्यात एसएसडी घातली की तो पूल प्रगट होतो, मधला एक आकडा घेतो आणि त्याच्यानंतरचे सगळे एकेकाने सरकतात. चाळीत जिन्यालगत एक नवीन खोली काढली आणि मालकाने पुढच्या सगळ्या दारांवरचे नंबर नव्याने रंगवले, तसं. पोस्टमन ३ नंबरलाच पत्र टाकतो. राहणारा बदललाय हे त्याला काय माहीत!

खात्री करायची असेल तर कर्नलचा संदेश वाचा. 'डीमेसेज' मध्ये 'रिनेम्ड' शब्द शोधला की अशी ओळ दिसते:

आयजीबी ००००:०३:००.० ईएनपी३एस०: रिनेम्ड फ्रॉम एथ०

आयजीबी हा इंटेलचा ड्रायव्हर, म्हणजे ईएनपी३एस० आता इंटेलचं कार्ड. आर८१६९ दिसलं तर रिअलटेक. मधला ०३:००.० हा पीसीआय पत्ता 'एलएसपीसीआय' च्या यादीशी ताडून बघा. इथे एक खोडा आहे, ज्यात मी स्वतः एकदा तासभर घालवला. 'एलएसपीसीआय' आकडे सोळाच्या पायावर दाखवतं आणि इंटरफेसच्या नावात ते दहाच्या पायावर येतात. बऱ्याच लॅपटॉपवर इंटेलच्या पोर्टाचं नाव ईएनपी०एस३१एफ६ असतं आणि यादीत ३१ कुठेच सापडत नाही. कारण तिथे ते १एफ असं लिहिलेलं असतं.

जुन्या बूटचे संदेश जर्नलमध्ये साठलेले असतील तर 'जर्नलसीटीएल' ला मागच्या बूटचं विचारून आधीची नावंही मिळतात. शीतगृहात ती मिळाली आणि काय कुठे सरकलं ते पाच मिनिटांत स्पष्ट झालं.

आता उपाय. बहुतेक जण सेटिंगच्या फाइलमध्ये नवीन नावं टाकतात आणि मोकळे होतात. रात्री ११ वाजता काम चालू करायचं असेल तर जरूर करा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. पुढच्या वेळी एसएसडी खराब होऊन बंद पडली की पूल पुन्हा लपणार आणि आकडे पुन्हा मागे येणार. विचार करा, एक डिस्क मरते आणि तिच्याबरोबर नेटवर्कही जातं.

कायमचा उपाय म्हणजे कार्डाला त्याच्या मॅक पत्त्यावरून तुम्ही स्वतः नाव द्यायचं. मॅक पत्ता कार्डाबरोबर येतो, ते कुठल्याही स्लॉटमध्ये घाला. ईटीसी, त्यात सिस्टमडी, त्यात नेटवर्क, या फोल्डरमध्ये १०-वॅन.लिंक नावाची फाइल करा. तिच्यात चारच ओळी:

[मॅच]
परमनंटमॅकअ‍ॅड्रेस=कार्डाचा मॅक पत्ता
[लिंक]
नेम=वॅन०

दुसऱ्या कार्डासाठी तशीच १०-लॅन.लिंक, नाव लॅन०. फाइलच्या नावातला १० उगाच नाही. सिस्टमडी या फाइली नावाच्या क्रमाने वाचतं आणि जी पहिली जुळेल तीच लागू करतं, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. त्याची स्वतःची फाइल ९९ ने सुरू होते. तुम्ही तुमच्या फाइलला आकडाच दिला नाही आणि ती अक्षराने सुरू झाली, तर ती ९९ च्या मागे जाते आणि मग 'फाइल बरोबर आहे पण काहीच होत नाही' अशी तक्रार येते. कुठली फाइल लागू झाली हे 'यूडेव्हअ‍ॅडम इन्फो' ला इंटरफेसचा सिस-क्लास-नेट मधला मार्ग दिला की कळतं. आयडी-नेट-लिंक-फाइल अशी ओळ शोधा.

मॅक पत्ता साधा 'मॅकअ‍ॅड्रेस' म्हणून न देता 'परमनंट' का दिला, हेही सांगतो. त्या कार्डावर व्हीलॅन किंवा ब्रिज (कार्डाच्या आधारे उभारलेलं आभासी पोर्ट) बांधला असेल तर तोही बहुधा कार्डाचाच मॅक पत्ता घेऊन फिरतो. साध्या जुळणीत तोही पकडला जातो, सिस्टमडी त्यालाही वॅन० म्हणायला जातं आणि एकाच नावावरून भांडण लागतं. परमनंट पत्ता फक्त खऱ्या लोखंडी कार्डालाच असतो. तो 'ईथटूल' ला मोठा पी पर्याय देऊन बघता येतो.

नाव निवडताना एथ०, एथ१ टाळा. मोह होतो, सवयीची नावं आहेत. पण कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो. तुम्हाला ज्याला एथ० म्हणायचंय तो जागा होण्याआधी दुसऱ्याच कार्डाने ते नाव घेतलेलं असू शकतं, आणि मग नामांतर अडतं. कर्नल वापरत नाही असं काहीही चालेल, मर्यादा फक्त १५ अक्षरांची. प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रणाली) असाल तर नावाची सुरुवात ईएन किंवा एथ ने ठेवा, उदाहरणार्थ ईएनवॅन०, नाहीतर त्याच्या पडद्यावर हे खरं कार्ड आहे हे ओळखलं न जाण्याची शक्यता असते.

यानंतर सेटिंगच्या फाइलींत जुनी नावं जिथे जिथे आहेत तिथे नवीन टाका. इंटरफेसेसची फाइल सगळ्यांना आठवते. डीएचसीपी सर्व्हर आणि फायरवॉल विसरतात. ईटीसी फोल्डरमध्ये 'ग्रेप' ने ईएनपी शोधा, काय काय निघतं ते बघून चकित व्हाल.

फायरवॉलबद्दल थोडं जास्त. एनएफटी (फायरवॉलचे नियम लिहायची लिनक्सची आज्ञा) वापरत असाल तर नियमांत 'आयआयएफ' आहे की 'आयआयएफनेम' ते तपासा. पहिला प्रकार नियम चढवतानाच नावाचा कर्नलमधला क्रमांक शोधतो. ते नाव त्या क्षणी अस्तित्वात नसेल तर एक नियम नाही, अख्खी फाइलच नाकारली जाते. म्हणजे नाव सरकलं की फायरवॉल शून्य. दुसरा प्रकार नुसतं नाव जुळवतो, त्यामुळे फाइल चढते, पण नाव ज्याच्याकडे गेलं असेल त्याला नियम लागतात. शीतगृहात दुसरा प्रकार होता. कुठला बरा म्हणाल, तर दोन्हींनी मला दगा दिलाय. नावं पक्की केली की दोन्ही चालतात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. मशीन सुरू होताना आधी इनिटरॅमएफएस नावाची छोटी गाठोडी उघडते आणि तिच्यात यूडेव्ह आणि लिंक फाइलींची स्वतःची प्रत असते. तुम्ही डिस्कवर नवीन फाइल ठेवलीत तरी गाठोडीत जुनाच माल. म्हणून डेबियन आणि उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ला यू पर्याय देऊन, फेडोरा घराण्यात 'ड्रॅकट' ला एफ पर्याय देऊन ती नव्याने बांधा. मगच रीबूट. "मी सगळं तुमच्यासारखंच केलं पण नाव बदललं नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन (नेटवर्कची सेटिंग सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर वेगळ्या लिंक फाइलीची गरज नाही. त्याच्याच फाइलीत 'मॅच' खाली मॅक पत्ता आणि 'सेट-नेम' खाली नाव द्या, पुढचं तो बघतो. उबुंटूवर नाव सरकल्याचं लक्षणही जरा निराळं असतं. बूट होताना नेटवर्कची वाट बघत मशीन तब्बल दोन मिनिटं थांबतं आणि मग पुढे जातं. १२० सेकंदांची ही मर्यादा ठरलेली आहे. 'मशीन अचानक हळू सुरू होतंय' या तक्रारीमागे मला हेच सापडलंय.

कर्नलला 'नेट.इफनेम्स=०' सांगून जुनी एथ पद्धत परत आणा, हा सल्ला तुम्हाला शंभर ठिकाणी मिळेल. एकच पोर्ट असलेल्या मशीनवर तो अगदी चांगला आहे. रास्पबेरी पायची स्वतःची ओएससुद्धा एथ० आणि डब्ल्यूलॅन० हीच नावं ठेवते, आणि तिथे तेच शहाणपणाचं आहे. पण दोन पोर्ट असतील तर तुम्ही परत त्या शर्यतीत आलात जिच्यापासून लोक २०१३ मध्ये पळाले.

काहीही न बसवता, नुसतं अपडेट केल्यावर नाव बदलल्याच्याही तक्रारी येतात. इंटेलच्या काही १० गिगाबिटच्या कार्डांना नव्या कर्नलनंतर नावाच्या शेवटी एनपी० हे शेपूट लागलं, कारण ड्रायव्हर पोर्टाचं नाव सांगायला लागला आणि सिस्टमडीने ते जोडलं. उपाय तोच, लिंक फाइल. मात्र रिमोट सर्व्हरवर ती अपडेटच्या आधी करा. नंतर करायला आत शिरणार कुठून?

यूएसबीच्या इथरनेट पट्ट्यांना डेबियनवर मॅक पत्त्यावरूनच नाव मिळतं: ईएनएक्स आणि पुढे पत्त्याची १२ अक्षरं. मोजून १५, म्हणजे मर्यादा काठोकाठ भरली. त्यावर व्हीलॅन करून टिंब आणि १० लावायला गेलात की नाव लांब झाल्याची तक्रार येते आणि कारण चटकन लक्षात येत नाही. त्यालाही छोटं नाव द्या. फोन यूएसबीने जोडून नेट घेत असाल तर बरेच फोन दर वेळी नवीन मॅक पत्ता घेऊन येतात, तिथे मॅकवरून नाव पक्कं होणारच नाही. त्यासाठी लिंक फाइलीत मॅकऐवजी ड्रायव्हरवरून जुळवा.

व्हर्च्युअल मशीनची प्रत काढताना लिंक फाइल प्रतीबरोबर जाते आणि प्रतीचा मॅक पत्ता वेगळा असतो. म्हणजे फाइल कुणालाच जुळत नाही आणि नाव परत ईएनएस किंवा ईएनपी. प्रत काढायच्या साच्यात ही फाइल ठेवूच नका.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथे कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं की ते 'इथरनेट २' होतं आणि जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये भुतासारखं लपून राहतं, जुना आयपी पत्ता उराशी धरून. लपलेली यंत्रं दाखवायला सांगून ते काढावं लागतं. फ्रीबीएसडी कार्डाला ड्रायव्हरच्या नावाने हाक मारतं, इंटेलचं आयजीबी०, रिअलटेकचं आरई०. दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं असतील तर तिथे ही अदलाबदल होतच नाही. मला ती पद्धत मनापासून आवडते. पण एकाच कंपनीची दोन कार्डं घातली की तिथेही आकड्यांवर आलंच.

शीतगृहात दोन लिंक फाइली केल्या, गाठोडी बांधली, रीबूट. पडद्यावर वॅन० आणि लॅन०. कॅमेरे आले. मग मी मुलाला म्हटलं, आता बंद कर आणि ती एसएसडी काढ. तो म्हणाला, "दादा, आत्ता तर चालू झालंय!" काढायला लावलीच. मशीन उठलं, 'डीमेसेज' मध्ये पीसीआयचे आकडे मागे सरकलेले, नावं जागच्या जागी. परत बसवली, पुन्हा तेच. शेवटी त्याने पोर्टांच्या वर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने दोन्ही नावं आणि मॅक पत्त्यांची शेवटची चार अक्षरं लिहिली. कार्ड बदलायची वेळ आली तर लिंक फाइलीत कुठली ओळ बदलायची ते तिथेच वाचता येईल.